बाळारामने पुसलेला शब्द

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — आणि बहिणीला मी काय सांगत नाही? दूध उतू गेलं तरी फोन करून सांगणारी बाई मी. पण हे नाही. नऊ वर्षं झाली. मग तुम्हालाच का सांगते आहे? कारण तुम्ही मला ओळखत नाही. उगाच गोड काहीतरी कारण जोडत बसत नाही; हेच आहे.

आणि हो, डोळ्यांना पदर लावून, आवाज बारीक करून सांगायची माझी पद्धत नाही. मी मास्तरीण आहे. सांगायचं ते खणखणीत सांगते. फक्त — मध्येच कुठे थांबले, तर थांबू द्या.

मी इंग्रजी शिकवते. शाळेत सोळा वर्षं शिकवलं, मग नोकरी सोडली आणि जुईनगरला आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली घेऊन मोठ्या माणसांचा क्लास काढला. लहान पोरं नकोतच म्हटलं, त्यांच्या आया फार बोलतात. माझ्याकडे येतात ती कमावती, संसारातली माणसं. शिक्षण मराठीत झालेलं, आणि आता ऑफिसात, बँकेत, मुलांच्या शाळेत इंग्रजी समोर आलं की बोबडी वळते, अशी. मी मूळची मालवणकडची, मराठी शाळेतली, त्यामुळे ही बोबडी मला चांगली ठाऊक आहे. आणि मी शिकवते उत्तम. ही बढाई नाही — बरं, बढाई आहे, पण खरी आहे. एका बाईला मुलाच्या टीचरसमोर उभं राहायचं म्हटलं की घाम फुटायचा. ती वर्षभरात त्याच टीचरला इंग्रजीत चार शब्द सुनावून आली आणि बॅचमध्ये पेढे वाटले तिने.

लोक मला चालती-बोलती डिक्शनरी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. मी 'छे हो, काहीतरीच' म्हणायची. पण आवडायचं. का नाही आवडणार?

आता माझ्या क्लासची एक रीत सांगते. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कुणी चुकीचं इंग्रजी बोललं की तो शब्द मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल खडूने लिहायची. दर वेळी असे दोन-तीन शब्द जमायचे. क्लास सुटताना ज्याचा शब्द त्याने उठायचं, डस्टर घ्यायचं, आपल्या हाताने तो शब्द पुसायचा आणि मोठ्याने म्हणायचं, 'हा शब्द मेला.' मग बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. याला मी श्राद्ध म्हणायची. 'चला, आज कुणाकुणाकडे श्राद्ध आहे?' असं म्हटलं की अख्खी बॅच खिदळायची. आणि गुण यायचा हो! माणसाने चारचौघांत आपल्या हाताने एकदा शब्द पुसला की तो पुन्हा म्हणून त्याच्या तोंडात येत नसे. मी शंभरदा बघितलंय. जालीम उपाय होता.

जालीम होता. तेच तर—

थांबा. आधी बाळाराम.

बाळाराम करावे गावचा. घरात बापजाद्यांपासून खाडीची मासेमारी; वडील तांडेल, स्वतःची होडी स्वतः हाकणारे. खाडीत मासा आटत गेला तसा हा एका खाजगी कंपनीच्या टगवर खलाशी म्हणून लागला. टग म्हणजे ती बुटकी, दणकट बोट असते ना, मोठाल्या जहाजांना ढकलत-ओढत धक्क्याला नेऊन लावते, ती. वीस वर्षं तो तिच्यावर दोर फेकत होता, डेक धूत होता. माझ्याकडे आला तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता आणि कंपनीत सारंगाची जागा निघाली होती. सारंग म्हणजे बोट ज्याच्या हातात असते तो. पगार वाढणार होता, ते आहेच. पण तांडेलाच्या मुलाने आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटीवर दोर उचलायचा, हे त्याच्या मनाला फार लागलेलं होतं. त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. 'म्याडम, बोट मना येते. झोपेत पन येते. बोलाला येत नाय.'

मुलाखत इंग्रजीत होती. मुलाखत घेणारा कंपनीचा कॅप्टन महाराष्ट्राबाहेरचा, जहाजांवरून वायरलेसवर येणारे हुकूमही इंग्रजीत. तेवढ्यासाठी हा माणूस ड्यूटी सांभाळून रविवारच्या बॅचला यायचा. शंभर पानी वही, तिच्यात देवनागरीत लिहिलेले इंग्रजी शब्द, टपोरं अक्षर. मी त्याला 'बाळारामभाऊ' म्हणायची, अहो-जाहो करायची. मनात मात्र तो कायम 'तो'च होता. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा माणूस. हे आत्ता, सांगता सांगता माझ्या लक्षात येतंय, आणि बदलत नाही, राहू दे तसंच. निदान कळेल तुम्हाला मी कशी होते.

त्या रविवारी विषय होता 'मागे'. इंग्रजीत या एका 'मागे'ला किती शब्द आहेत, आणि कुठला कुठे वापरायचा. मी अगदी फॉर्मात होते. माणसाची असते ती बॅक. गाडीचा आरसा असतो तो रिअर. जनावराचे मागचे पाय ते हाइंड. कशाच्या तरी पाठीमागे उभं राहायचं तर बिहाइंड, आणि मागच्या दिशेने सरकायचं तर बॅकवर्ड. 'शब्दाला शब्द असतो,' मी म्हटलं, 'पण प्रत्येकाची जागा ठरलेली असते. गाईच्या पायाला रिअर म्हणाल तर गाय लाथ घालेल.' हशा. हे विनोद माझे ठरलेले. दर बॅचला गाय लाथ घालते.

मग विचारलं, आणखी कुणाला येतो का एखादा शब्द? आणि मागच्या खुर्चीवरून बाळारामने हात वर केला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. इतका खुशीत होता! शाळेतल्या पोराचा असतो तसा हात, ताठ.

'अस्टर्न,' तो म्हणाला.

मी तो शब्द कधी ऐकलेलाच नव्हता.

बघा, किती सोपं वाक्य आहे. नऊ वर्षांपूर्वीही ते एवढंच सोपं होतं. 'मला माहीत नाही, थांबा, बघून सांगते' असं म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? डिक्शनरी माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. पण समोर चौदा माणसं, आणि मी — मी कोण, ते तुम्हाला सांगितलंच आहे. मी म्हटलं, 'स्पेलिंग सांगा.' त्याला येत नव्हतं. त्याला येणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच तर विचारलं.

'इस्पेलिंग नाय म्हायत,' तो म्हणाला. 'पन बोटीवर रोज बोल्तान. अहेड म्हंजे पुढं, अस्टर्न म्हंजे मागं.'

शब्द, अर्थ, वापर — तिन्ही सांगितलं त्याने. आमच्या शाळेत असतं तर पूर्ण मार्क.

मी हसले. म्हटलं, 'बाळारामभाऊ, ही तुमची खलाशांची बोली झाली. असा शब्द इंग्रजीत नाही. मुलाखतीत हे बोललात तर साहेब विचारेल, कुठल्या शाळेत शिकलात?' आमच्यात शिंदे म्हणून होते, मूळचे साताऱ्याचे, रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, फार टवाळ. ते म्हणाले, 'म्याडम, ह्ये करावे इंग्लिश हाय!' आणि वर्गात हशा पिकला. बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. मीही हसले. बाळारामही हसला, पण त्याने वही मिटून मांडीवर घेतली.

लाल खडूने मी तो शब्द कोपऱ्यात लिहिला. देवनागरीत लिहिला. का? कारण स्पेलिंग मलाही येत नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. क्लास सुटताना तो उठला, डस्टर घेतलं, शब्द पुसला. जोर लावून पुसला, अक्षराची सावलीसुद्धा राहू दिली नाही. 'हा शब्द मेला.' टाळ्या. मी त्याच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: बॅकवर्ड. खाली दोनदा रेघ मारली. म्हटलं, 'हा पाठ करा. बोट मागे घ्यायची म्हटलं की हाच शब्द. रोज वीस वेळा.' तो म्हणाला, 'व्हय म्याडम.'

दुपारी जेवणं झाली. आमचे हे सोफ्यावर पेपर तोंडावर घेऊन पडले होते. मी कपाटातली जाडी डिक्शनरी काढली. आता कशाला काढली? खोटं कशाला बोलू — शंका मला वर्गातच आली होती. ज्याने अहेड बरोबर सांगितला, तो माणूस अस्टर्न मनाचा कसा सांगेल? दोन मिनिटंही लागली नाहीत. सुरुवातीच्याच पानांत होता. जहाजाच्या मागच्या बाजूला. जहाज मागच्या दिशेने नेणे. खाली वापराचं उदाहरणसुद्धा दिलेलं. आणि उलट अर्थाचा शब्द? अहेड.

'काय शोधतेस गं?' ह्यांनी पेपराखालून विचारलं.

'काही नाही,' मी म्हटलं.

इथपर्यंतचं मी कुणालाही सांगितलं असतं बरं का. हसत हसत सांगितलं असतं. मास्तर चुकतो, न चुकणारा मास्तर बघितलाय का कुणी? जे मी लपवलं ते हे नाही. ते यापुढे आहे, आणि मी बघा कशी त्याच्याभोवती गोल गोल फिरते आहे. बास झालं.

त्याची मुलाखत शनिवारी होती. माझ्या हातात सहा दिवस होते. त्याचा फोन नंबर रजिस्टरमध्ये होता. करावे आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. सोमवारी मी म्हटलं, आज करते. मंगळवारी म्हटलं, तो ड्यूटीवर असेल. बुधवारी मी खरंच फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि काय बोलायचं ते मनात जुळवलं. 'बाळारामभाऊ, तुमचा शब्द बरोबर होता.' एवढंच की. मग डोळ्यांसमोर पुढचा रविवार आला. तो भोळा माणूस, आनंदाने सगळ्यांना सांगणार — म्याडमचा फोन आयलेला, माजा शब्द बरोबर हुता! आणि शिंदे. शिंद्यांचं ते तोंड. 'म्याडम, मग आज श्राद्ध तुमच्याकडं का?'

मी फोन ठेवून दिला.

मनाला काय समजावलं माहितीये? वीस वर्षांची सवय आहे त्याला, ऐन वेळी तोंडातून बरोबर तोच शब्द येईल. असं कसं येईल? पुसलेला शब्द तोंडात येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? ती रीत माझीच ना? गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शुक्रवारी मी पुरणपोळ्या केल्या, विनाकारण.

तर ही कबुली. तो बरोबर होता, मला माहीत होतं, त्याची मुलाखत व्हायच्या आधी माहीत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. एका टवाळ माणसाच्या एका विनोदाला घाबरले.

आणि तुम्हाला वाटत असेल की संपलं, तर नाही. मी एवढ्यावर थांबणारी बाई नाही.

रविवारी तो क्लासच्या आधी अर्धा तास आला. चपला ठेवायच्या रॅकपाशीच उभा राहिला. म्हणाला, 'नाय जाला, म्याडम.' मग सांगितलं. कॅप्टनने त्याला टगवरच उभं केलं होतं. विचारलं, समोरचं जहाज फार जवळ आलं तर काय हुकूम देशील? बाळारामचा हात आपोआप लिव्हरकडे गेला, म्हणे. पण कॅप्टन म्हणाला, हात नको, तोंडाने सांग. हा म्हणाला, 'बॅकवर्ड, सर.' कॅप्टनने पुन्हा विचारलं. हा पुन्हा तेच, जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा विचारल्यावर याची जीभच अडकली. कॅप्टन वैतागून म्हणाला, वीस वर्षं बोटीवर आहेस आणि अस्टर्न म्हणता येत नाही?

सांगताना त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. भांडायला मी पक्की आहे. पण तो माझ्याकडे बघून म्हणाला, 'सायबाला त्योच शब्द पायजे हुता. पन म्याडम, सायेब जुना मानूस. बोटीवरचा इंग्लिश येगला, बुकातला येगला. माजा चुकला नाय ना?'

त्याने मला वाट काढून दिली होती, कळतंय का तुम्हाला? स्वतःच. आणि वर्गात अजून कुणी आलेलं नव्हतं. शिंदे नव्हते, बायका नव्हत्या. फक्त तो, मी आणि चपलांचा रॅक. आता तर घाबरायलाही कुणी नव्हतं!

मी म्हटलं, 'नाही, तुमचं उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं.'

ठामपणे म्हटलं. माझ्या त्या फळ्यासमोरच्या आवाजात. आणि त्याचे खांदे सरळ झाले. खरं सांगते, मला त्या क्षणी बरं वाटलं. वाटलं, बिचाऱ्याला धीर दिला आपण! स्वतःची पाठ थोपटायला मी तिथेही कमी केलं नाही.

पुढच्या रविवारपासून तो यायचा बंद झाला. मला वाटलं, मुलाखत झाली, काम संपलं. दोन-तीन महिन्यांनी त्याची बायको घरी आली. पिशवीत चिंबोऱ्या, खाडीतल्या, जिवंत, पाय बांधलेल्या. 'त्यांनी दिल्यान म्याडमसाठी.' मी तिला चहा केला. ती साधी बाई, कपबशी हातात घेऊन बोलत होती. कॅप्टनने म्हणे आधी सांगितलेलं होतं — तुझा हात चांगला आहे, तीन महिन्यांनी तुला पुन्हा बोलावतो, तेवढे हुकूम पाठ कर. वाईट माणूस नव्हता तो. पण बाळाराम सोमवारी, माझ्याशी बोलून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ऑफिसात गेला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला की माझं उत्तर बरोबर होतं. कॅप्टनला वाटलं गंमत करतोय. हा हटून बसला.

'कदी कोनाला उलट बोल्ला नाय ओ तो मानूस,' ती म्हणाली. 'त्या दिवशी काय जाला काय म्हायत. बोल्ला, माजी म्याडम चुकनार नाय.'

कॅप्टनने यादीतून नाव काढलं. ज्याला चूक दाखवली तरी दिसत नाही त्याच्या हातात मी बोट देत नाही, म्हणाला. बरोबरच म्हणाला. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. जागा एका तरुण पोराला मिळाली.

मी त्या बाईला काय सांगितलं? सांगितलं, 'असतं एकेकाचं नशीब.' आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

चिंबोऱ्या केल्या. आम्ही मासे खाणारी माणसं, वाटण घालून झणझणीत केल्या. ह्यांनी बोटं चाटली. दर वर्षी एक-दोनदा ती पिशवी येते. कधी चिंबोऱ्या, कधी निवटे, कधी सुकट. मी दर वेळी घेते, दर वेळी 'अहो कशाला' म्हणते आणि दर वेळी रांधते. मला वाटलं होतं घास घशात अडकेल. अजिबात अडकत नाही. हे मला वाटलं होतं त्याहून वाईट आहे.

आणि आणखी एक राहिलं. हे सांगायची खरं तर गरज नव्हती, कुणालाच माहीत नाही. पुढची बॅच आली, 'मागे'चा धडा आला. बॅक, रिअर, हाइंड, गाईची लाथ, सगळं झालं. आणि मग मी खडू उचलून फळ्यावर लिहिलं — इंग्रजीत, व्यवस्थित स्पेलिंगसकट — अस्टर्न. म्हटलं, 'हा शब्द फार थोड्यांना माहीत असतो. फक्त जहाजाच्या बाबतीत वापरतात. याच्या उलट अहेड.' एक बाई म्हणाली, 'मॅडम, तुम्हाला किती माहीत असतं हो!' मी म्हटलं, 'वाचन लागतं.' वाचन! त्याच्या तोंडातून काढून घेतला, आणि माझा म्हणून वर्गाला वाटला. तेव्हापासून दर वर्षी शिकवते. श्राद्ध मात्र बंद केलं. कुणी विचारलं तर सांगते, आता लोक फार मनाला लावून घेतात.

गेल्या महिन्यात बाळाराम निवृत्त झाला. खलाशी म्हणून लागला, खलाशी म्हणूनच. मला आमंत्रण करायला नवरा-बायको दोघं आले, गूळपोळी घेऊन. मी काहीतरी कारण काढू शकले असते. मला कारणं पटापट सुचतात. पण गेले. का गेले? वाटलं, आज सांगू. खरंच वाटलं. रिक्षात बसून वाक्यही तयार केलं होतं, बुधवारचंच वाक्य, थोडं लांबवलेलं.

करावे गावात त्याच्या घरापुढे मांडव घातला होता. कंपनीतली माणसं, भावकी, शेजारी. बाळाराम पांढऱ्या शर्टात, कपाळाला गुलाल. मला बघून धावत आला, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं आणि येईल त्याला सांगू लागला, 'या माज्या म्याडम. मना इंग्लिश यांनी शिकवला.' बायका उठून माझ्या पाया पडल्या. मी पडू दिलं. केस पिकलेत त्याचे. हात मात्र अजून तसेच, दोरासारखे.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक तिशी ओलांडलेला मुलगा येऊन बसला. तोच तो, ज्याला जागा मिळाली तो सारंग. गोड मुलगा होता. मला म्हणाला, 'मॅडम, जागा माझी, पण बोट मला काकांनीच शिकवली. धक्क्याला लावायची कशी, पाणी ओढत असेल तर काय करायचं, सगळं. मी केबिनमध्ये, ते मागच्या डेकवर. डोळे मिटून भरवसा ठेवावा असा माणूस.' मी मान हलवली. मग तो जरा हसला, आणि म्हणाला, 'फक्त एक गंमत आहे त्यांची. डेकवरून सगळं ओरडून सांगतात. दोर सोडला, थांब, डावीकडे घे, सगळं. पण बोट मागे घ्यायची असेल ना, तर तोंडातून शब्द नाही काढत. हाताने खूण करतात. धुकं असलं, पाऊस असला, मला दिसत नसलं, तरी हातच. एकदा तर त्यापायी धक्क्यावर आपटलो असतो. मी किती वेळा म्हटलं, काका, ओरडा ना! तर हो म्हणतात, आणि पुन्हा हातच.' तो माझ्याकडे वळला. 'तुम्ही त्यांच्या मॅडम ना? तुम्हाला माहितीये का, असं का करतात ते?'

सहज विचारलं हो त्याने. आणि बाळाराम दहा पावलांवर उभा होता, कुणाला तरी पाणी देत.

'असते एकेकाची सवय,' मी म्हटलं.

मग पानं मांडली. बाळारामने मला हाताला धरून नेलं आणि पहिल्या पंगतीत पहिल्या पानावर बसवलं. मटण त्याच्या बायकोने केलं होतं, भाकरी गरम होत्या. तो स्वतः वाढायला उभा राहिला. मी दोनदा घेतलं.